भिशीचे पन्नास हजार, साखरेचे तीन शेअर : वर्षभराच्या नोंदी

या नोंदी मी रविवारी रात्री हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत होते. कुणी शेअरचा अभ्यास शिकायला बसत असेल तर माझा वेळ आणि पैसा कुठे गेला ते कळावं म्हणून उतरवून काढल्यात. कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, क, ख, ग म्हटलंय. मी सेबीकडे (शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नोंदलेली सल्लागार नाही. कराडात दुकानदारांची टॅली आणि जीएसटीची कामं करते, एवढंच.

४ जून २०२३, रविवार

भिशी लागली. ५०,०००. यांचं म्हणणं, दोन तोळे जमणार नाही पण एखादी अंगठी तरी घेऊन ठेव. मी म्हटलं, यंदा शेअर शिकायचे. वाटणी अशी ठरवली : १०,००० शिकण्यात गेले तरी रडायचं नाही, ४०,००० खरेदीला. आणि धंदा एकच धरायचा, साखर. घरात अडीच एकर ऊस आहे, आप्पा (माझे सासरे) चाळीस वर्षं कारखान्याला ऊस घालतायत, आणि ताळेबंद मला येतो. म्हणजे निम्मा अभ्यास झालेलाच आहे, असं आज तरी वाटतंय.

११ जून

डिमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, पहिल्याच पायरीवर अडकलं. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही जोडलेले नाहीत आणि ३० जून ही शेवटची मुदत. मार्चपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत होते, पॅन-आधार जोडा, जोडा म्हणून. स्वतःचं राहिलं. दंड १,०००, नावदुरुस्तीचे शंभरावर वेगळे, आणि खातं उघडायला तीन आठवडे उशीर. लग्न झालेल्या बायकांनी खातं उघडायच्या आधी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवून बघावं.

२ जुलै

सलग दोन रविवार क्लासला गेले. फी ६,५००, हॉटेलचा हॉल, चहा-बिस्किटं. पहिला रविवार कँडलचे, म्हणजे भावाच्या चार्टवरच्या खुणांचे, आकार ओळखण्यात गेला : हातोडा, डोजी, उलटा हातोडा. दुसऱ्या रविवारी दुपारनंतर सगळी गाडी ऑप्शनवर (भाव पुढे वर जाईल की खाली यावर लावायचे सौदे) गेली आणि पुढच्या १८,००० च्या क्लासची नोंदणी सुरू झाली. 'कंपनीचा वार्षिक अहवाल कसा वाचायचा ते कधी?' असं मी विचारलं तर सर म्हणाले, मॅडम, चार्टमध्ये सगळं आलेलं असतं.

धाकटे भाऊजी त्या पुढच्या क्लासला बसले. त्यांना मी सेबीचा जानेवारी २०२३ चा अभ्यास दाखवला : २०२१-२२ मध्ये शेअरच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ८९ टक्के तोट्यात गेले. ते म्हणाले, वहिनी, उरलेल्या अकरात बसायचं म्हणून तर शिकायचं. यावर मला काही बोलता आलं नाही.

६,५०० गेले. दोन रविवारांची जीएसटीची कामं रात्री जागून उरकावी लागली ती वेगळी.

१६ जुलै

आता खरं काम. बीएसईच्या साइटवर प्रत्येक कंपनीचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. तीन कंपन्या निवडल्या. क आणि ख उत्तर प्रदेशातल्या, ग चं गाळप आपल्या आणि कर्नाटकाच्या सीमेवर. आप्पांना आश्चर्य वाटलं की आपल्या भागातला एकही ओळखीचा कारखाना यादीत कसा नाही. आपल्याकडचे बहुतेक कारखाने सहकारी. आप्पांकडेही कारखान्याचा शेअर आहे, त्यावर सवलतीची साखर मिळते, पण तो शेअर दलाल स्ट्रीटवर कुणी घेणार नाही.

ख चा अहवाल २४४ पानांचा. निम्म्याच्या आसपास फोटो, अध्यक्षांचं मनोगत आणि सामाजिक कामं. मी त्यातली साठ पानं काढून आणली, दोन रुपये पान, १२० रुपये. ऑडिटरचा अहवाल, ताळेबंद, रोख प्रवाह आणि मागच्या टिपा. फोनवर वाचू नका. टिपेतला आकडा आणि ताळेबंदातला आकडा एका वेळी डोळ्यांसमोर लागतो.

आजची चूक : क चे आकडे कोटीत, ख चे लाखात. ख ची विक्री मी पहिल्या पानावरच्या ठळक आकड्यांवरून घेतली, ती कोटीत होती. कर्ज टिपेतून घेतलं, ते लाखात. तक्त्यात ख चं कर्ज विक्रीच्या तीसपट आलं. मी संध्याकाळपर्यंत 'ही कंपनी बुडणार' या समजात. रोज टॅली करणाऱ्या बाईकडून हे झालं. आता प्रत्येक तक्त्याची पहिली ओळ लाल रंगात : लाख की कोटी, टन की क्विंटल.

१८ जुलै, मंगळवार

पहिली खरेदी. ख चे ४० शेअर, ३१२ च्या भावाने, १२,४८० रुपये. हिशेब असा : जानेवारी ते मार्च तिमाहीत शेअरमागे नफा १५.६०. चार तिमाह्या म्हणजे ६२.४०. ३१२ ला ६२.४० ने भागलं की पाच. भाव वर्षाच्या नफ्याच्या पाचच पट म्हणजे फुकट. हात थरथरत होते, पण दाबलं.

१३ ऑगस्ट

ख चा एप्रिल ते जूनचा निकाल आला. शेअरमागे ४.१०. मला वाटलं, कंपनीत काहीतरी मोठं घडलं. दोन तास बातम्या शोधल्या. काहीच घडलेलं नव्हतं. मग निकालाखालच्या बारीक टिपा वाचल्या. त्यात एक ओळ होती की साखर हा हंगामी उद्योग आहे, एका तिमाहीच्या निकालावरून वर्षाचा अंदाज बांधता येणार नाही. ही ओळ मागच्या निकालातही होती. त्याच्या मागच्याही. मी ती 'असंच लिहितात' म्हणून सोडून दिलेली.

मागचं पूर्ण वर्ष काढलं : शेअरमागे २६ रुपये, त्यातले १५.६० एकट्या जानेवारी-मार्चचे. म्हणजे मी पाच पट समजून बारा पटीने घेतला. ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुटायला लागतो आणि मार्च-एप्रिलला धुराडी थंड होतात, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. पण स्क्रीनवर इंग्रजीत 'चौथी तिमाही' दिसली की तो फड आठवत नाही.

दुरुस्ती : आता कुठलाही आकडा घेताना सलग चार तिमाह्यांची बेरीज. एकीला चारने गुणायचं नाही.

१० सप्टेंबर

ऑगस्ट सगळा कोरडा गेला. आप्पा सारखे आभाळ बघतायत. देशात १९०१ पासून नोंदी ठेवतायत, त्यात एवढा कोरडा ऑगस्ट नाही. ग चं गाळप यंदा वीस टक्के घटणार असं मी वहीत ठळक लिहून ठेवलं.

क ला मी यादीतून काढलं होतं, कारण उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते तो आकडा. तीन वर्षांत ११.७ वरून १०.३ टक्के. आमच्याकडे उतारा घसरला की कारखान्याच्या सभेत खुर्च्या सरकतात. मला वाटलं, ऊस जुना झाला असेल नाहीतर कारखाना नीट चालवत नसतील.

आज आप्पांचे मित्र आले होते, कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सहज तक्ता दाखवला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एकच प्रश्न केला, "हे इथेनॉल कशापासनं करत्यात?" मग पेन्सिल मागून वहीत तीन चौकोन काढले. रस आटवून साखरेचे दाणे तीन फेऱ्यांत काढतात : ए, बी, सी. तिसरी फेरी झाल्यावर जी मळी उरते तिच्यात साखर फारशी राहत नाही. पण दुसऱ्या फेरीनंतरच थांबलं तर मळीत साखर शिल्लक राहते, ती बी-हेवी. त्या मळीतून इथेनॉल जास्त निघतं आणि दरही चांगला. २०२२-२३ साठी (पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल घेणाऱ्या) तेल कंपन्यांचा दर लिटरला सी-हेवीला ४९.४१, बी-हेवीला ६०.७३, थेट रसाला ६५.६१. म्हणजे साखर कुठे गेली नाही, पोत्याऐवजी टाकीत गेली. क च्या अहवालात 'इथेनॉलकडे वळवलेली साखर धरून' असा दुसरा उतारा दिलेला होता, ११.६. त्याच पानावर, खाली.

काका म्हणाले, "तुमच्या आकड्यात चूक न्हाई, ताई. आकडा कशाचा हाय ते बघितलं न्हाई तुम्ही."

त्याच आठवड्यात क चे १५ शेअर घेतले, ४१० ने, ६,१५०. या वेळी हात थरथरले नाहीत.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

ऊसदराच्या आंदोलनात तोडी थांबल्यात. गल्लीत फटाके आणि रस्त्यावर रिकाम्या ट्रॉल्या.

संध्याकाळी सव्वासहा ते सव्वासात मुहूर्ताचं ट्रेडिंग होतं, दिवाळीला शेअर बाजार तासभर उघडतो ते. वहीची पूजा झाली आणि पाटापुढेच बसून ग चे ३० शेअर घेतले, २८४ ने, ८,५२०. कारण नुसता मुहूर्त नव्हता. तीन दिवसांपूर्वी ग चा सहामाही ताळेबंद आला. अल्प मुदतीचं कर्ज मार्चमध्ये ६१२ कोटी होतं, सप्टेंबरअखेर १४८ कोटी. सहा महिन्यांत साडेचारशे कोटींहून जास्त कर्ज फेडलं! असं फेडणारं गिऱ्हाईक माझ्याकडे असतं तर बँक मॅनेजर घरी पेढे घेऊन आला असता.

१९ नोव्हेंबर

आज वर्ल्ड कपची फायनल हरलो. त्यात हे.

मॅच बघता बघता आप्पांना सांगत होते की ग ने कसं कर्ज फेडलं. टीव्हीवरची नजर न हलवता ते म्हणाले, "सप्टेंबरात गोडाऊन मोकळं असतंय की गं. साखर विकली, मालतारण (साखर तारण ठेवून काढलेलं कर्ज) फिटलं. आता गाळप सुरू झालं की परत काढणार. मार्चात जाऊन बघ."

मी उठून आत गेले. शेजारचीच ओळ : मार्चमध्ये मालाचा साठा ७०५ कोटी, सप्टेंबरला १३२ कोटी. साखर पाच महिन्यांत तयार होते आणि वर्षभर विकली जाते. २०१८ पासून तर प्रत्येक कारखान्याने महिन्याला किती विकायची याचा कोटाच सरकार ठरवून देतं. तोवर पोती गोडाऊनला, ती बँकेकडे तारण, आणि शेतकऱ्याचं बिल ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत द्यायचं असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम. कर्जाशिवाय हा धंदा चालतच नाही. मी सप्टेंबरच्या आकड्याला 'फेडलं' म्हटलं. तो नुसता मोसम होता.

ही चूक पकडायचा एक मार्ग मला आज सापडला, तो नीट लिहून ठेवते. त्याच निकालात सहा महिन्यांचं व्याज २१ कोटी होतं. वर्षाचे ४२ धरा. १४८ कोटींवर ४२ कोटी व्याज म्हणजे २८ टक्के. एवढं व्याज गावचा सावकार घेतो, बँक नाही. नऊ टक्क्यांनी उलट मोजलं तर सरासरी कर्ज ४६० कोटींच्या पुढे येतं. म्हणजे ताळेबंदाच्या तारखेला कर्ज कमी दिसलं तरी व्याजाची ओळ वर्षभराचं सांगून जाते.

हाच हिशेब शिलकीलाही लावता येतो. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख-बँक शिलकीतले ५,०४० कोटी नाहीतच. शिल्लक मोठी दिसली की तिच्यावर व्याज किती मिळालं ते आता मी आधी बघते.

दुरुस्ती : मार्चची तुलना मार्चशी, सप्टेंबरची सप्टेंबरशी. ग चे शेअर ठेवलेत. घेताना कारण चुकीचं होतं. कंपनी वाईट आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

११ डिसेंबर, सोमवार

वर्षातली सगळ्यात वाईट नोंद.

गुरुवारी, ७ तारखेला, केंद्राचा आदेश आला : या इथेनॉल वर्षात उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही. साखरेचे सगळे शेअर एकदम खाली. ख आदल्या दिवशी ३४८ होता. मी दुकानात बसून फोनवर आकडे उतरताना बघत होते, समोर गिऱ्हाईक बिलांचा गठ्ठा घेऊन उभं. ३१६ ला १० विकले. शुक्रवारी ३०२ ला १०. आज ३०५ ला १०. थोडे थोडे विकले की शहाणपणाचं वाटतं.

झालं काय : ३० शेअरचे ९,२३० आले, घेतले होते ९,३६० ला. भावातला तोटा १३०. शिवाय तीन वेगवेगळ्या दिवशी विकल्यामुळे डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर बाहेर काढायची फी) तीनदा, दर वेळी सोळा रुपयांच्या आसपास. तो शेअरच्या संख्येवर नसतो. एका दिवशी एका कंपनीचे कितीही विका, एकदाच लागतो. एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर) आणि बाकीचं धरून दोनशेच्या घरात नुकसान. रक्कम एका साडीच्या फॉल-पिकोची. पण मी आदेश पूर्ण वाचलाच नव्हता.

१७ डिसेंबर

शुक्रवारी सरकारने आदेश सैल केला. रस आणि बी-हेवी दोन्ही चालतील, पण १७ लाख टन साखरेइतकीच मर्यादा. मग मी सात तारखेचा मूळ आदेश वाचला. बी-हेवीचा, आधी कबूल केलेला पुरवठा पहिल्या दिवसापासून चालूच राहणार होता. बंदी रसावर होती.

आज बसून ते केलं जे विकायच्या आधी करायला हवं होतं. दोन्ही कंपन्यांच्या अहवालात इथेनॉल कशापासून किती, याचं कोष्टक आहे. ख चं रसापासूनचं इथेनॉल २२ टक्के. ग चं निम्म्याहून जास्त. म्हणजे फटका ग ला होता आणि मी विकला ख. ग अजून माझ्याकडेच.

हे कोष्टक तयार करायला एक तास चाळीस मिनिटं लागली. घाबरून फोन बघण्यात तीन दिवस गेले होते.

२५ फेब्रुवारी २०२४

बुधवारी केंद्राने पुढच्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, जाहीर केली. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३१५ चे ३४०. टनाला २५० रुपयांची वाढ. आप्पांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "अरे देवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी डोक्यात ग चं गाळप मोजत होते. वीस लाख टन गुणिले २५० म्हणजे ५० कोटींचा जादा खर्च. सगळ्या उसाची साखरच केली आणि उतारा अकरा धरला, तर भरून काढायला साखर किलोमागे सव्वादोन रुपयांनी वाढायला हवी. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ वरच आहे. जानेवारीत उत्तर प्रदेशाने त्यांचा ऊसदर लवकर येणाऱ्या जातींना क्विंटलला ३५० चा ३७० केला तेव्हाही मी असंच केलं होतं : ख चं पंधरा लाख टन गाळप, टनाला २००, तीस कोटी. आणि ख चा करापूर्वीचा नफा एकशे दहा कोटींच्या आसपास. चौथा हिस्सा एका सहीत गेला.

आप्पा म्हणाले, "सूनबाई, तू नक्की कुणाच्या बाजूची गं?"

म्हटलं, "आप्पा, आपला अडीच एकर आहे आणि माझे तीस शेअर."

"मग अडीच एकराच्या बाजूनं बोल. चहा टाक."

रात्री मात्र ते स्वतःच वही घेऊन बसले. त्यांनी विचारलेला प्रश्न मी नोंदवून ठेवते, कारण तो कुठल्या क्लासमध्ये निघाला नसता : कंपनीला ऊस महाग झाला तर ती शेतकऱ्याला दर कमी देऊ शकत नाही, साखर महाग विकायची तर सरकार लगेच निर्यात नाहीतर इथेनॉल थांबवतं, मग शेअरवाला पैसे कशातून मिळवतो? माझं आजचं उत्तर : वीजनिर्मिती, डिस्टिलरी, आणि स्वस्तात उभारलेली जुनी यंत्रं. पूर्ण उत्तर नाही.

२६ मे

डिसेंबरपासून एक सवय लावून घेतली. निकालाच्या आधी वहीत अंदाज लिहायचा, शाईने, तारखेसह. ग चं पूर्ण वर्ष : माझा अंदाज शेअरमागे १४, प्रत्यक्षात १८.५०.

कुठे चुकलं ते शोधलं. गाळप वीस टक्के घटणार हा सप्टेंबरचा ठळक आकडा. तो आमच्या विहिरीच्या पाण्यावरून लिहिला होता. नोव्हेंबरअखेरचा अवकाळी मी धरलाच नाही, उसाला तो उपयोगी पडला. शिवाय रसाचं इथेनॉल थांबलं म्हणून तीच साखर पोत्यात आली. ग चं गाळप किंचित वाढलं. राज्याचं साखर उत्पादनही सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त झालं.

अंदाजापेक्षा नफा जास्त आला, आणि शेअर त्या दिवशी दोन रुपयांनी पडला. ज्यांना कळायचं त्यांना आधीच कळलेलं. गाळपाचे आकडे पंधरवड्याला जाहीर होतात, मी मात्र मेच्या निकालाची वाट बघत बसले होते.

४ जून २०२४, मंगळवार

बरोबर एक वर्ष. निवडणुकीचा निकाल. निफ्टी (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक) दिवसअखेर जवळजवळ सहा टक्के खाली. भाऊजींचा फोन आला, आवाजच वेगळा होता. ऑप्शनमध्ये किती गेले ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रात्री जेवायला या म्हटलं.

मी दिवसभर एका किराणा दुकानाचं रिटर्न जुळवत होते. अकरा रुपयांचा फरक सापडत नव्हता.

३० जून

वर्षाचा हिशेब.

शिकण्याचा खर्च : पॅनची भानगड १,१०० च्या वर, क्लास ६,५००, प्रिंट ४१०, खातं उघडणं आणि वार्षिक फी मिळून ५००. एकूण ८,५०० च्या आसपास.

शेअर : एकूण खरेदी २७,१५०. विकून आले ९,२३०. हातात ख चे १०, भाव ३७२. ग चे ३०, भाव २६२ (मार्चमध्ये २३६ पाहिला). क चे १५, भाव ४३३. यांची किंमत १८,०७५. दोन्ही मिळून २७,३०५. नफा १५५ रुपये, लाभांश १४२, त्यातून चार्जेस वजा. दोनशे रुपये राहिले म्हणा.

निफ्टी मी सुरुवात केली तेव्हा साडेअठरा हजारांच्या आसपास होता, परवा चोवीस हजारांवर बंद झाला. हेच सत्तावीस हजार गेल्या जूनमध्ये साध्या इंडेक्स फंडात (निफ्टीतलेच शेअर घेऊन ठेवणारा म्युच्युअल फंड) टाकून विसरले असते तर पस्तीस हजारांच्या आसपास दिसले असते. यांनी हा हिशेब केला नाही, मीच करून दाखवला. ते एवढंच म्हणाले, सोनंही वाढलंय.

वेळ : वहीतल्या खुणा मोजल्या, २१० तास. त्यातले माझ्या मते चाळीस कामाचे. केमिस्ट काकांबरोबरचा एक, व्याजाचा उलटा हिशेब, इथेनॉलचं कोष्टक आणि शाईने लिहिलेले अंदाज. बाकीचे भाव बघण्यात गेले.

उरलेले १२,८५० खात्यात तसेच आहेत. काय घ्यायचं ते कळत नसताना न घेणं मला अजून अवघड जातं.

२८ जुलै

डिसेंबरच्या घाबरटपणाचा शेवटचा हप्ता. दरवर्षी माझं स्वतःचं विवरणपत्र आयटीआर-४, वीस मिनिटांचं काम. पण त्यात शेअरविक्रीचा अल्पकालीन नफा-तोटा दाखवता येत नाही. तीस शेअर विकले म्हणून यंदा आयटीआर-३ भरावं लागलं, सगळ्या परिशिष्टांसह. सव्वाशे-दीडशे रुपयांचा अल्पकालीन तोटा नोंदवायला दोन संध्याकाळी. मुदतीत भरलं की हा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. ओढणार आहे, सोडते की काय.

२३ तारखेच्या अर्थसंकल्पात अल्पकालीन नफ्यावरचा कर १५ चा २० टक्के झाला, दीर्घकालीन १० चा साडेबारा, सूट एक लाखाची सव्वा लाख. माझ्या आकड्यांना सध्या कशानेच फरक पडत नाही.

४ ऑगस्ट

ख चा नवा अहवाल आला. २६८ पानं. या वेळी मागून सुरुवात केली. संभाव्य देण्यांच्या टिपेत उसाच्या थकीत बिलांवरच्या व्याजाचा दावा आहे, न्यायालयात पडून, पुस्तकात तरतूद नाही. मागच्या वर्षीच्या अहवालातही होता, तेव्हा मी ते पान छापूनच आणलं नव्हतं. रक्कम एका वर्षाच्या नफ्याच्या जवळपास जाते.

आप्पांना वाचून दाखवलं. थकीत बिलाचं व्याज म्हटल्यावर ते सावरून बसले. २००६ की ०७ च्या हंगामातलं त्यांचंही काहीतरी कारखान्याकडे राहिलंय, पावती ट्रंकेत आहे म्हणतात. आता चष्मा सापडत नाहीये. दहा शेअर ठेवायचे की विकायचे ते उद्या बघू, आधी ट्रंक काढायचीय.